फवारणी पंपाची बॅटरी ठेवल्या-ठेवल्या काहून उतरते, अन् त्यावर करायचं काय

मृग लागला की दरवर्षी हाच प्रश्न येते. हरभऱ्याची शेवटची फवारणी झाली, पंप धुतला, बॅटरी फुल केली, कोठ्यात खुंटीला टांगून ठेवला, त्याला कोणी हात लावला नाही, अन् जुलैत तणनाशक मारायला काढला तर दोन टाक्यांतच मोटरचा आवाज बसला, नोझलमधून फवारा उडायच्या ऐवजी थेंब गळून राहिले. मंग दुकानदाराला शिव्या, बॅटरी डुप्लिकेट देली म्हणून, नाहीतर चार्जरवर राग. पुष्कळदा त्या दोघांचाही दोष नसतो. रिचार्जेबल बॅटरी कोणतीही असो, न वापरता उतरतेच. पाहायचं एवढंच की ती किती उतरली, कशामुळे उतरली, अन् उतरलेल्या हालतीत किती दिवस तशीच पडून राहिली. यातलं शेवटचं लोक धरतच नाहीत, अन् खरी बॅटरी मरते ती तिथंच.

आधी आपल्या पंपात बॅटरी कोणती आहे ते पाहा. बुडाचे स्क्रू काढले की दिसते. जुन्या अन् स्वस्त पंपात बहुतेक १२ व्होल्ट ८ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत चार्ज किती मावते ते) किंवा १२ एएचची शिशाची सीलबंद बॅटरी असते, ८ची असली तर हातात सव्वादोन-अडीच किलो भरते. नव्या पंपात लिथियमचा पॅक येऊन राहिला, तो हलका असतो, निम्म्याहून कमी वजन. हे आधी ओळखून घ्या, कारण ठेवायच्या बाबतीत दोघांचे नियम उलटे आहेत. एकीला फुल ठेवायचं, दुसरीला अर्धं. गावात एकानं सांगितलं म्हणून दुसऱ्यानं तसंच केलं अन् बॅटरी घालवली, असं यातूनच होते.

शिशाचीच गोष्ट आधी घेऊ, कारण जास्त पंप तेच आहेत.

एक साधा मल्टिमीटर घेऊन ठेवा, दोन-तीनशे रुपयांत येते, मोटार-स्टार्टरच्या कामालाही पडते. बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, अन् बॅटरीच्या दोन्ही पट्ट्यांवरच्या लाल-काळ्या वायरच्या क्लिपा ओढून मोकळ्या करा. क्लिपेत पांढरी-हिरवी भुकटी जमलेली असली तर जुन्या टूथब्रशनं घासून काढा, कधीकधी सगळं दुखणं तेवढंच असते. मंग रातभर तशीच राहू द्या. चार्जर काढल्या-काढल्या मीटर लावला तर १३च्या वर आकडा दाखवते अन् माणूस खूश होते, पण तो वरवरचा चार्ज असतो, काही तासांत बसते. सकाळी मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून पाहा. १२.८ ते १३ आलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.५च्या आसपास म्हणजे साधारण तीन हिस्से, १२.२ म्हणजे निम्मी, अन् ११.८-११.९ला आली की कामापुरती रिकामीच समजा. रातभर चार्ज करूनही सकाळी १०.५च्या आसपासच अडकून बसली असली तर आतला एक सेल गेला. सहा सेल असतात, एकेक दोन व्होल्टच्या थोडा वर, एक बसला की तेवढा आकडा कमी. तिच्यावर पुढं डोकं लावू नका.

आता १२.८ आलं म्हणा. वायरी जोडू नका, बॅटरी अशीच सुटी घरात ठेवा अन् आठवड्यानं पुन्हा मोजा. १२.७च्या वर टिकली तर बॅटरी चांगली आहे अन् चोर पंपात आहे. सुटी ठेवूनही आठवड्यात १२.४-१२.३वर आली तर बॅटरीच आतून खाऊन राहिली. ही एकच चाचणी नीट केली तरी निम्मी भांडणं मिटतात. पण लोकांना आठ दिवस थांबवत नाही, काय करता.

पंपातला चोर म्हणजे बहुतेक तो व्होल्ट दाखवणारा लाल आकड्यांचा डिस्प्ले, नाहीतर प्रेशर कमी-जास्त करायचा रेग्युलेटर. काही पंपांत याची वायरिंग स्विचच्या आधी केलेली असते, म्हणजे स्विच बंद असला तरी थोडा करंट चालूच. थोडा म्हणजे किती, तर समजा १० मिलीअँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाचे २४ तास लावले तर पाव एएचच्या जवळ जाते, अन् ८ एएचची बॅटरी महिना-सव्वा महिन्यात साफ. तुम्ही पंप चार महिने टांगून ठेवला. हे पाहायचं असलं तर मीटर मिलीअँपिअरवर लावा, एक वायर काढून मीटर मधात जोडा, स्विच बंद ठेवून वाचा. मीटर असा जोडलेला असताना मोटर चालू करू नका बाप्पा, मीटरचा फ्यूज उडते. करंट दिसला तर इलाज सोपा: हंगाम संपला की लाल वायरची क्लिप काढून तिला चिकटपट्टी गुंडाळून ठेवायची. जास्तच हौस असली तर बॅटरीच्या लाल वायरवर एक छोटा स्विच टाकून घ्या, कोणताही मोटर रिवायंडिंगवाला करून देते.

अन् चोर नसलाच तरी बॅटरी उतरते ती काहून? आत एका प्लेटवर शिशाचं ऑक्साइड, दुसऱ्यावर साधं शिसं, मधात गंधकाचं अ‍ॅसिड. बाहेर वायर जोडली की या दोघांमधून करंट वाहते. पण वायर जोडली नाही म्हणून आतलं अ‍ॅसिड काही झोपून राहत नाही, ते दोन्ही प्लेटांना जागच्या जागीच हळूहळू खात राहते, अन् त्यातला चार्ज असाच वाया जाते. नव्या सीलबंद बॅटरीत २५ डिग्रीला महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास. आता २५ डिग्री आपल्याकडे उन्हाळ्यात असते कुठं? मोटामोटी हिशोब असा की दर १० डिग्रीला हा वेग दुप्पट होते. म्हणजे ३५ला सहा टक्के, ४५ला बारा. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इकडं मे महिन्यात पारा ४५च्या वर जाणं काही नवं नाही, अन् टिनाच्या शेडात त्याहूनही जास्त. राती थोडं उतरते म्हणून अख्खा महिना बारा टक्क्यांनी जात नाही, पण मार्च ते जून मिळून नव्या बॅटरीचाही पाव हिस्सा सहज जाते, अन् दोन-तीन हंगाम चाललेली असली तर त्याहून बराच जास्त.

हिशोब पाहा मात्र. पाव गेला तर १२.५ राहायला पाहिजे, शून्य नाही. म्हणून नवी बॅटरी, फुल करून ठेवलेली, अन् जुलैत ११च्या खाली सापडली, तर नुसत्या उन्हानं तेवढं होत नाही. एक तर पंप आतून ओढून राहिला, नाहीतर ती ठेवताना फुल नव्हतीच. हे दुसरं लय होते. चार्जरवरचा लाईट हिरवा झाला की काढली, असं चालते. खरं म्हणजे शेवटचा पाचवा हिस्सा भरायला लय वेळ लागते. एक अँपिअरचा चार्जर असला तर ८ एएचला दहा तास धरा. आता लाईनचं तुम्हाला सांगायला नको, घरची सिंगल फेज कधी जाईल अन् कधी येईल ते कोणालाच ठाऊक नसते, वावरातली थ्री फेज तर रात्रपाळीला. दोन-दोन तासांचे तुकडे करून चार्ज केलेली बॅटरी हंगामभर अर्धवटच राहते, अन् तशीच अर्धवट कोठ्यात जाते.

आता ते मरण्याचं. बॅटरी उतरली म्हणजे दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट तयार झालं. हे होणारच, वापरताना रोज होते, अन् लगेच चार्ज केलं की ते परत विरघळते. पण उतरलेली बॅटरी तशीच आठवडे-महिने पडून राहिली की सल्फेटचे बारीक कण एकमेकाला धरून मोठे होतात, गुळाच्या भेलीवर जुनी साखर जमून दगड व्हावी तसे, अन् मंग साध्या चार्जरच्या करंटनं ते सुटत नाहीत. जेवढी प्लेट त्याखाली गेली तेवढी बॅटरी कायमची लहान झाली. वरून ८ एएच लिहिलेलं राहते, आत दोनच एएच उरलेली असते. उन्हात हेही लवकर होते. म्हणून चार्ज उतरणं अन् बॅटरी खराब होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण पहिली दुसरीला घेऊन येते.

ओळखायचं कसं, तर चार्जरला लावा अन् घड्याळ पाहा. रिकामी बॅटरी आहे अन् वीस मिनिटं-अर्ध्या तासात हिरवा लाईट लागला, तर खूश होऊ नका. करंट आत जाऊनच नाही राहिला, व्होल्टेज तेवढं वर चढलं, चार्जरला वाटलं भरली. मोटर लावली की तीच बॅटरी धाडकन खाली येते. पूर्ण चार्जनंतर मोटर चालू ठेवून मीटर लावा: १२च्या वर टिकत असली तर ठीक, पाच-दहा मिनिटांतच ११च्या खाली घसरली तर तिचा काळ झाला.

थोडी सल्फेट धरलेली बॅटरी कधीकधी परत येते. उपाय जादूचा नाही, वेळखाऊ आहे: कमी करंट, म्हणजे ८ एएचला अर्धा-पाऊण अँपिअर, व्होल्टेज १४.४ ते १४.७च्या वर जाऊ द्यायचं नाही, अन् दिवस-दीड दिवस लावून ठेवायची, मधात हात लावून पाहायचा. गरम व्हायला लागली तर बंद. हे घरच्या चार्जरनं जमत नाही, तालुक्याच्या बॅटरीवाल्याकडं चार्जिंगच्या पाटावर ठेवायला सांगा, पण ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांसोबत लाईनीत नको, तिथं करंट जास्त असते. एकदम उतरलेली, ५-६ व्होल्टची बॅटरी ऑटोमॅटिक चार्जर ओळखतच नाही, लाईटही लावत नाही. त्यात चार्जर खराब नसते, हीसुद्धा त्याच्याचकडं न्या. झाकणाखालचे रबरी बूच उघडून बॅटरीचं पाणी सिरिंजनं टाकायचा उद्योग पुष्कळ पोट्टे करतात, आत सुकलेली असली तर थोडा जीव येतेही, पण त्या भरवशावर पऱ्हाटीच्या फवारणीला निघू नका. अन् अ‍ॅसिड तर टाकूच नका. चार्जिंगच्या जागी बिडी-काडी नको, त्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेते.

एक मधातलं सांगून टाकतो. बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवली की जमिनीत उतरते, खाली पाटी पाहिजे, हे म्हातारे लोक अजून सांगतात. त्यांच्या काळात बॅटरीचे डबे लाकडाचे अन् कडक रबराचे होते, अ‍ॅसिड पाझरायचं, ओल धरायची, तेव्हा त्यात तथ्य होतं. आता प्लॅस्टिकचा डबा आहे, फरशीनं काही होत नाही. उलट मे महिन्यात मातीच्या घरातली थंडगार फरशी ही बॅटरीसाठी गावातली सगळ्यात चांगली जागा आहे. टिनाखालच्या खुंटीपेक्षा तर शंभर पटीनं.

मंग ठेवायची कशी? शिशाची: पूर्ण चार्ज, वायर काढलेली, घरात सावलीत, अन् महिन्यातून एकदा रातभर चार्जिंग. थंड मुलखात तीन महिन्यांनी चालते, आपल्या उन्हाळ्यात महिनाच धरा. लक्षात राहत नाही म्हणतात, तर कॅलेंडरवर अमावस्या छापलेलीच असते, तीच धरा. ज्यांच्याकडं रोही अन् रानडुकरांसाठी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेला झटका देणारं मशीन, आहे त्यांना तर आणखी सोपं. हरभरा-गहू निघाला की त्याचं सोलर पॅनल धुऱ्यावरून काढून घरी पडलेलं असते. मशीनमधी चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी भरली की पॅनलचा करंट आवरणारं सर्किट, असला तर झटका बंद ठेवून बॅटरी त्याच्यावरच राहू द्या, पॅनल माळवदावर, बॅटरी खाली सावलीत. पंपाची बॅटरी पण आळीपाळीनं त्यालाच लावता येते. पॅनलची वायर सरळ बॅटरीला मात्र जोडू नका. १२ व्होल्टचं म्हटलेलं पॅनल उन्हात १८-२० व्होल्ट फेकते, महिनाभरात बॅटरी आतून कोरडी करते.

जागलीच्या हेडलाईटचंही तेच दुखणं आहे. त्यात बहुतेक ४ व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी असते, तूर निघाली की ती खुंटीवर जाते ती रिकामीच, अन् पुढच्या वर्षी "एकाच सीझनला गेली" म्हणून फेकली जाते.

आता लिथियम. पंपाचा पॅक, पॉवर बँक, घरात पडलेला जुना मोबाईल, सगळं यातच. हिचं आपोआप उतरणं कमी, महिन्याला एक-दोन-तीन टक्के. त्यातलाही काही हिस्सा आतल्या सर्किटचा असते, ते पॅकवर नजर ठेवायला थोडा करंट खातच राहते. बाकी का उतरते याचा शोध अजून चालू आहे, अन् त्यातली एक गोष्ट मला लय गमतीची वाटली. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात मायकेल मेट्झगर यांच्या टीमनं सेल गरम करून पाहिले, तर आतलं पाण्यासारखं द्रव लालभडक निघालं. शोधत गेले तर दोष निघाला सेलमधल्या चिकटपट्टीचा. ती असते पीईटी प्लॅस्टिकची, पाण्याच्या बाटल्या ज्याच्या बनतात तेच. ते विघटित होऊन एक असा रेणू सुटते जो दोन्ही टोकांमधात चार्जची ने-आण करत राहते, म्हणजे आतल्या आत बॅटरी उतरते. २०२३मधी हे बाहेर आलं, इलाज काय तर पट्टी दुसऱ्या प्लॅस्टिकची वापरा. त्यानंतर २०२४मधी अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या मायकेल टोनी यांच्या गटानं 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की आतल्या द्रवातला हायड्रोजन धन बाजूच्या प्लेटवर जाऊन लिथियमची जागा अडवते, त्यामुळंही चार्ज जाते. आपल्याला त्यातून घ्यायचं एवढंच की हा काही दुकानदाराचा डाव नाही, अन् उन्हात यातलं सगळंच जोरात चालते.

लिथियम फुल करून उन्हाळ्याला ठेवू नका. फुल चार्ज अन् वरून गरमी, यानं तिची कायमची ताकद जाते. पॅकवर चार्ज दाखवणाऱ्या कांड्या असतील तर निम्म्या कांड्यांवर, म्हणजे ४०-६० टक्क्यांवर, ठेवा अन् दोन-तीन महिन्यांनी पाहून घ्या. एकदम रिकामी पण ठेवू नका, कारण सेल फारच खाली गेला तर आतलं तांबं विरघळायला लागते अन् पुढं चार्ज करणं धोक्याचं होते. पॅक मेल्यासारखा वाटला, शून्य व्होल्ट दाखवते, तरी लगेच फेकू नका, आतल्या सर्किटनं बाहेरची वाट बंद केलेली असू शकते, कंपनीच्याच चार्जरला अर्धा तास लावून पाहा, पुष्कळदा जागा होते. नाही झाला तर डायरेक्ट वायर मारून जागा करायच्या भानगडीत पडायचं नाही. फुगलेला असला तर घराबाहेर ठेवा, टोचू नका, चार्ज करू नका.

चार्जरची अदलाबदल हा दुसरा घात. तीन सेलच्या लिथियम पॅकला १२.६ व्होल्टचा लागते, चार सेलच्या लोह-फॉस्फेटवाल्याला १४.६चा, शिशाला १४.४-१४.७चा. पिन तिघांची सारखीच बसते, म्हणूनच घोळ होते. चार्जरच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असते, एकदा वाचा अन् मार्करनं मोठं करून ठेवा.

पेन्सिल सेलवाले, म्हणजे टॉर्च-कॅमेऱ्याचे रिचार्जेबल सेल, निकेलचे असतात. जुन्या पद्धतीचे तर महिन्यातच पाव चार्ज गमावतात, त्यात खराबी काही नाही, जातच तशी आहे. २००५मधी जपानच्या सान्योनं एनेलूप काढले, तेव्हापासून वर्षभर ठेवूनही बहुतेक चार्ज टिकवणारे सेल मिळायला लागले. पॅकेटवर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं असलं तर बहुधा तेच. मीटरवर दीडऐवजी १.२ व्होल्ट दिसलं म्हणून सेल खराब समजू नका, यांचं व्होल्टेज तेवढंच असते.

अन् बॅटरी बदलायचीच झाली तर जुनी वावरात, विहिरीजवळ टाकू नका, शिसं आहे त्यात. दुकानात परत द्या, वजनावर पैसे कटतात. नवी घेताना हा सगळा हिशोब तिथंही लावा, कारण तीही कुठंतरी पडूनच होती. जुलैत विकायला काढलेली बॅटरी अख्खा उन्हाळा दुकानाच्या माळ्यावर, टिनाखाली बसलेली असू शकते, तिच्यातही चार्ज तसाच उतरलेला अन् सल्फेट तसंच धरलेलं. डब्यावर बनवल्याची तारीख पाहा, अन् मीटर खिशातून काढून दुकानातच लावा. दुकानदार तोंड वाकडं करन, करू द्या. १२.५च्या खाली असली तर दुसरी काढायला सांगा.